डावी नळी, उजवी नळी

मामाच्या बदलापूरच्या घरी एक दुनळी बंदूक होती. आमच्या नातेवाइकांपैकी बहुतेकांनी ती दसऱ्याला पाटावर, हळदकुंकू लावलेली पाहिली आहे. निवडणूक जाहीर झाली की मामा ती कापडात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायला निघायचा आणि आम्ही पोरं मागे लागायचो, ओरडा खायचो, हेही काहींना आठवत असेल. यंदा ती बंदूक घरातून गेली. का गेली, घरातल्या कुणालाच कशी मिळाली नाही, आणि या सगळ्यात 'चोक' नावाच्या एका मिलिमीटरच्या भानगडीचा काय संबंध, असं तीन-चार जणांनी फोन करून विचारलं. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. बंदुकीत रस नसलेल्यांनीही वाचायला हरकत नाही.

मामा आता अठ्ठ्याहत्तरचा आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तरीचा झाला, किंवा शस्त्र पंचवीस वर्षं बाळगून झालं, की तो हयात असतानाच वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. मामाने हे आठ वर्षं टाळलं. यंदा नूतनीकरणाची तारीख जवळ आली आणि तो म्हणाला, "आता पुढची पाच वर्षं माझ्या नावावर नकोत. पण कुणाला द्यायची ते ठरवून मगच देणार. तू वाचतोस ना? मग वाचून सांग मला, ही बंदूक आता नक्की कशासाठी चालेल."

'बंदूक कशासाठी चालेल' हा प्रश्न मला आधी गंमतीचा वाटला. बंदूक ती बंदूक! पण वाचायला बसलो आणि कळलं की मामाने अगदी नेमका प्रश्न विचारला होता.

ही बंदूक आजोबांनी १९५० च्या सुमारास मुंबईत घेतली, तीही जुनीच. बर्मिंगहॅमची बनावट, बारा बोरची, दोन नळ्या शेजारीशेजारी. बारा बोर म्हणजे काय, तर एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर एकेका गोळीचा जो व्यास होईल तेवढी नळी, साधारण साडेअठरा मिलिमीटर. हिच्यातून एक गोळी जात नाही, मूठभर छर्रे जातात. सहा नंबरच्या नेहमीच्या काडतुसात साधारण तीस ग्रॅम, म्हणजे पावणेतीनशेच्या वर छर्रे असतात. नळीबाहेर पडल्यावर ते पसरत जातात. किती पसरावेत, हे ठरवतो तो चोक.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी केलेली बारीकशी आवळण. बाहेरून बघितलं तर दिसतही नाही. काहीच आवळण नसेल तर नळी 'सिलिंडर'. जेमतेम दहावा-आठवा हिस्सा मिलिमीटर असेल तर 'इम्प्रूव्हड सिलिंडर'. अर्धा मिलिमीटर म्हणजे 'हाफ', आणि पूर्ण एक मिलिमीटर म्हणजे 'फुल'. एवढाच काय तो खेळ. १८६६ मध्ये न्यूकॅसलच्या पेप नावाच्या बंदूकवाल्याने याचं पेटंट घेतलं होतं. पुढे बर्मिंगहॅमच्या ग्रीनरने ही पद्धत गाजवली आणि १८७५ मध्ये लंडनला 'द फील्ड' या साप्ताहिकाने जाहीर चाचण्या घेतल्यावर ती रूढच झाली.

चोक मोजायची रीतही सोपी आहे. चाळीस यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, मोठा कागद लावायचा, बार काढायचा, आणि तीस इंच व्यासाच्या वर्तुळात किती छर्रे लागले ते मोजायचं. इंग्रजी हिशेबाने फुल चोकचे शंभरातले सत्तर, हाफचे साठ, इम्प्रूव्हडचे पन्नास आणि साध्या सिलिंडरचे चाळीस. म्हणजे त्याच काडतुसाचे फुल चोकमधून दोनशे छर्रे वर्तुळात आणि सिलिंडरमधून एकशे पंधरा. हे मी मामाला वाचून दाखवलं तर तो हसायला लागला. आजोबांनी हे बांधावर जुनं धोतर ताणून केलं होतं, १९६० च्या आसपास, भात कापून झाल्यावर. चाळीस पावलांवरून दोन बार. मामा तेव्हा शाळेत होता, आणि भोकं मोजायचं काम त्याच्याकडे होतं, प्रत्येक भोकाला कोळशाची खूण करत. "उजव्या नळीच्या धोतराची चाळण झाली होती आणि डाव्याच्या धोतराला मध्ये खिडकी पडली होती," तो म्हणाला. आजीने त्यावर काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

म्हणजे उजवी नळी सैल आणि डावी आवळलेली. हा काही योगायोग नव्हता. अशा बंदुकीला दोन चाप असतात. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. शेतातून तितर उठला की पहिला बार जवळून जातो, तिथे छर्रे पसरायला हवेत. तो चुकला तर दुसऱ्या बारापर्यंत पाखरू लांब गेलेलं असतं, तिथे छर्रे एकत्र राहायला हवेत. बनवणाऱ्याने जवळचं आणि लांबचं अंतर दोन बोटांखाली ठेवलं होतं. आजोबांच्या काळच्या बदलापूरला ते बरोबर जुळत होतं. भाताची खाचरं, उल्हास नदीचा काठ, हिवाळ्यात पाणलावे आणि बदकं. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि ते सगळं थांबलं. थांबलं ते बरंच झालं. हरियल आज आपल्या राज्याचा पक्षी आहे आणि आमच्या घरातल्या जुन्या माणसांना त्याची चव माहीत आहे, हे सांगायला मला फारसं छान वाटत नाही. असो.

तर आता उमेदवार तीन. अर्थात कायद्याने पुढचं पाऊल कुणाचं हे नंतरचं, मामाच्या मनात मात्र तिघे होते.

पहिला माझा मामेभाऊ. बारवीच्या बाजूला त्यांची थोडी जमीन अजून आहे. तिथे रानडुकरं येतात आणि एका रात्रीत भात लोळवून जातात. त्याला शेतीसंरक्षणासाठी बंदूक हवी होती आणि घरची बंदूक असताना दुसरी कशाला घ्यायची, हे त्याचं म्हणणं साफ पटण्यासारखं होतं. पावसात रात्र रात्र माळ्यावर बसून पत्रे बडवणाऱ्या माणसाला घरात बसून उपदेश करणं सोपं असतं. त्याचा हिशेब असा: फुल चोक म्हणजे जास्त जोर, डुक्कर मोठं, तेव्हा डावी नळी आणि तिच्यात एलजीचं काडतूस किंवा सरळ एकच मोठी गोळी.

यातली एकच मोठी गोळी तर आधी बादच. नळीत बसेल अशी गोळी फुल चोकमधून मारायची नसते. साडेअठरातून निघालेल्या गोळीला साडेसतरातून बाहेर पडायचंय, नळी फुगते किंवा फाटते. इंग्रज तपासनीस १८७५ नंतर काही वर्षं अशा नळ्यांवर 'गोळीसाठी नाही' असा ठसाच मारत. १८८७ पासून त्याऐवजी नुसतं 'चोक' असं कोरायला लागले. आमच्या बंदुकीच्या डाव्या नळीखाली, दस्ता काढल्यावर दिसतो त्या जागी, तो ठसा आहे. उजवीवर नाही. साठ-सत्तर वर्षं घरात बंदूक आहे आणि ते पाच इंग्रजी अक्षरं कुणी वाचली नव्हती.

एलजी म्हणजे मोठे छर्रे, एका औंसात सहा. काडतुसात असे मोजके दाणे असले की तीस इंचाच्या वर्तुळाचा हिशेबच लागू होत नाही. उलट फार आवळलेल्या तोंडातून जाताना मोठे दाणे एकमेकांवर चेपतात, वेडेवाकडे होतात आणि नको तिकडे जातात. अशा कामाला सैल किंवा फार तर अर्धा चोक बरा. म्हणजे मामेभावासाठी उपयोगाची होती ती उजवी नळी, त्याला हवी होती ती डावी नव्हे.

दुसरे उमेदवार नात्यातले नव्हते. आमच्या ओळखीचे एक निवृत्त फौजी, मूळचे साताऱ्याकडचे, उल्हासनगरला एका पेढीच्या दाराशी गनमॅन आहेत. अशा नोकऱ्यांत पुष्कळ ठिकाणी 'स्वतःची बंदूक आणि परवाना' ही अटच असते. त्यांची बंदूक जुनी झाली होती, आणि आमची त्यांना रीतसर विकत हवी होती. उल्हासनगर ज्यांनी पाहिलंय त्यांना तिथल्या गल्ल्या सांगायला नकोत. युद्धकाळातली लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये नाव उल्हासनगर झालं, पण लोक अजून एक नंबर कॅम्प, पाच नंबर कॅम्प असंच म्हणतात. पेढीच्या दारात उभं राहिलं तर समोरचं दुकान दहा पावलांवर.

पुस्तक म्हणतं, इतक्या जवळच्या कामाला साधी सिलिंडर नळी. दहा यार्डांवर सिलिंडरचे छर्रे वीसेक इंचात पसरतात, फुल चोकचे नऊएक इंचातच राहतात. जवळून घाईत नेम धरायचा असेल तर पसरलेले बरे. मी हे मोठ्या हुशारीने त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, मला फुलच पाहिजे. तुमचं पुस्तक चोराला बघून लिहिलंय. माझ्यासमोर चोर एक असंल, आणि त्याच्या मागं गिऱ्हाईक दहा. वीस इंचातलं निम्मं माझं नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि खरं सांगू का, एवढ्या गर्दीत बार काढायचाच नसतो. अकरा वर्षं झाली, एकदाबी काढला नाही. बंदूक दिसली पाहिजे, एवढंच तिचं काम."

मी त्या रात्री त्यांच्या बोलण्याचा बराच विचार केला. पुस्तकातला प्रत्येक तक्ता समोरच्या गोष्टीचं अंतर विचारतो. तिच्या मागे काय आहे, हे कुठलाच तक्ता विचारत नाही.

तिसरी उमेदवार म्हणजे मामेभावाची मुलगी. ती दिल्लीला शिकते आणि ट्रॅप नेमबाजी करते. तुघलकाबादच्या डॉ. कर्णीसिंह रेंजवर जाते, १९८२ च्या आशियाई खेळांसाठी बांधलेली ती. ट्रॅपमध्ये नेमबाजाच्या पंधरा मीटर पुढून मातीच्या तबकड्या उडतात, ११० मिलिमीटर व्यासाच्या, ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास, आणि लांबलांब जात असतात. बार पोचेपर्यंत तबकडी तीस-पस्तीस मीटरवर गेलेली असते, म्हणून तिथे आवळलेले चोक. पहिल्या बाराला थ्री-क्वार्टर, दुसऱ्याला फुल, असं ती म्हणाली. त्याच रेंजवरचा स्कीट हा खेळ मात्र उलट. तिथे तबकड्या वीसेक मीटरवर आडव्या जातात, म्हणून चोक जवळजवळ नाहीच. दोन्ही खेळांत काडतुसात २४ ग्रॅम शिसं, दोन्हीकडे बारा बोर, फरक फक्त अंतराचा. २००४ मध्ये अथेन्सला राज्यवर्धन राठोडने रौप्य मिळवलं तो डबल ट्रॅप २०१६ नंतर ऑलिम्पिकमधून गेला, पण ट्रॅप आणि स्कीट आहेत.

पोरीला पणजोबांच्या बंदुकीचं भारी अप्रूप. पण तिनेच सांगितलं, "काका, ही चालणार नाही हो. आम्हाला वरखाली नळ्यांची लागते, वजनदार. आणि ही जुनी आहे, हिचं काडतुसाचं घरही आखूड असणार, आताची काडतुसं बघून घालावी लागतील." आताच्या बंदुकांना तोंडाशी आटे असतात, चोक म्हणजे एक नळकांडं, किल्लीने फिरवायचं आणि बदलायचं. सकाळी ट्रॅप, दुपारी स्कीट. आमच्या बंदुकीला ते आटे पाडायचे म्हटलं तर तेवढी जाडीच नाही.

मग मामाला वाटलं, चोक मुळात आहे तरी किती ते मोजून घेऊ. अंबरनाथचे काका आले. (मामाच्या शेजारचे, पण आम्ही सगळे काकाच म्हणतो.) त्यांची सगळी नोकरी अंबरनाथच्या सरकारी कारखान्यात, टूलरूममध्ये गेली. अंबरनाथला हे नवं नाही. एक आयुध निर्माणी, एक मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, आणि कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी क्वार्टर्स. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ जाऊन सात सरकारी कंपन्या झाल्या आणि अंबरनाथचे दोन कारखाने दोन वेगळ्या कंपन्यांत गेले. बारा बोरची 'शक्तिमान' काडतुसं करणारा खडकीचा कारखाना तिसऱ्याच कंपनीत. काका या सगळ्याच्या आधीच निवृत्त झाले, पण बोअर गेज मात्र अजून मखमली डबीत ठेवून आहेत.

त्यांनी बंदूक मोकळी आहे ना हे दोनदा पाहिलं, मग मोजलं. नळीत १८.५. डाव्या तोंडाशी १७.५. उजव्या तोंडाशी १८.३५. धोतराचा निकाल साठ वर्षांनी गेजने कायम केला.

मामेभावाने विचारलं, "काका, डावीचा चोक थोडा काढून टाकता येईल का? मग दोन्ही नळ्या माझ्या कामाच्या."

काका म्हणाले, "येईल की. ज्याच्याकडे परवाना आहे असा कारागीर रीमर घालून काढून देईल. मी हात लावणार नाही. पण एक लक्षात ठेव, बाळा. चोक सैल करता येतो, परत आवळता येत नाही. काढलेलं लोखंड परत बसत नाही."

त्यानंतर त्यांनीच ती गोष्ट सांगितली ज्यामुळे सगळं ठरलं. मामेभावाचं पुन्हा 'फुल चोकचा जोर' चाललं होतं. बागेच्या पाण्याच्या नळीवर अंगठा दाबला की पाणी लांब जातं, तसंच हे, असं तो म्हणत होता. हे उदाहरण सगळेच देतात आणि तेच फसवं आहे. अंगठ्याने पाण्याची चिळकांडी खरंच लांब जाते. चोकने छर्रे लांब जात नाहीत, जवळजवळ त्याच वेगाने निघतात. चोक फक्त ते एकमेकांपासून किती लांब जातील तेवढं ठरवतो. छर्रा जमिनीवर कुठे पडेल हे त्याच्या आकारावर असतं. सहा नंबरचा छर्रा दोनशे मीटरच्या आसपास जाऊन पडतो. एलजीचा दाणा वर धरून सोडला तर सातशे मीटरपर्यंत जाऊ शकतो.

मामा इतका वेळ गप्प होता. त्याने मामेभावाला विचारलं, "आपल्या माळ्यावरून ओढ्याच्या दिशेला सातशे मीटरवर काय आहे?"

मामेभाऊ काही बोलला नाही. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पाच वर्षांपूर्वी तिथे काही नव्हतं. आता सात-सात मजल्यांचे दोन टॉवर आहेत, खाली बांधकामावरच्या मजुरांची पत्र्याची घरं आहेत, आणि डुकरं येतात ती रात्री, नेमकी त्याच बाजूने. रानडुकरावर बार काढायला वनखात्याची लेखी परवानगी लागते, ती कदाचित मिळालीही असती. पण सातशे मीटर मोकळी जागा कुठलाही अधिकारी लिहून देऊ शकत नाही.

मामाने मग बाकीच्या दोघांनाही तोच प्रश्न लावला. फौजींनी त्याचं उत्तर आधीच दिलं होतं: मागे गिऱ्हाईक. पोरीचंच उत्तर काय ते स्वच्छ होतं. तिच्या तबकडीमागे आखलेलं मोकळं मैदान, जिथे सराव चालू असताना माणसाने पाऊल टाकायला बंदी. मागे काय आहे हे जिला पक्कं माहीत, तिला ही बंदूक चालत नाही. आणि ज्यांना बंदूक चालली असती, त्यांच्या मागे माणसं.

बंदूक मामाने एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे रीतसर दिली. परवान्यावर नोंद झाली, कागद ठाण्याला आयुक्तालयात गेले. फौजींना त्याने स्वतः फोन करून सांगितलं की तुम्ही माणूस चांगले म्हणूनच देत नाही, ती साडेसत्तर-ऐंशी वर्षांची बंदूक दाखवायलाच हवी असेल तर दुसरी कुठलीही चालेल. त्यांना राग आला नाही. किंमत फार आली नाही, जुन्या दुनळीला आता कोण विचारतं. जी आली ती पोरीच्या काडतुसांना गेली. ट्रॅपवाले एका दिवसात शंभर-शंभर तबकड्यांवर बार काढतात, तेव्हा ते पैसे फार दिवस पुरले नसतील.

मामेभाऊ थोडे दिवस घुश्शात होता. त्याचा राग मला चुकीचा वाटत नाही. त्याचं भात लोळलंच, यंदाही. शेताभोवती सौरऊर्जेचं कुंपण घालायचं त्याचं चाललंय, आणि त्यासाठी आम्ही भावंडांनी मिळून काही करायला हवं. हे लिहिण्यामागे तोही एक हेतू आहे, नातेवाइकांनी समजून घ्यावं!

आईला मात्र वाईट वाटलं. तिच्या वडिलांची वस्तू. ती म्हणाली, "ठेवली असती नुसती, दसऱ्यापुरती." मामाने तिला समजावलं की बंदूक नुसती ठेवता येत नाही. तिच्यामागे परवाना, कुलूप, पाच वर्षांनी नूतनीकरण, दर निवडणुकीला ठाण्याची वारी, आणि घरात ती कशी हाताळायची हे ठाऊक असलेलं एक माणूस लागतं. ते माणूस तो होता, आणि त्याचे हात आता थरथरतात. हे तो पहिल्यांदाच बोलला. त्यावर आई काही बोलली नाही, उठून चहा टाकायला गेली.

ज्यांच्या घरी अशी आजोबांची दुनळी अजून आहे त्यांना एवढंच सांगेन. ती मोकळी आहे याची जाणत्याकडून खात्री करून घ्या आणि नळ्यांखालची अक्षरं एकदा वाचा. कुठली नळी सैल, कुठली आवळलेली ते कळेल, आणि आपली जुनी माणसं किती अंतरावर बघत जगत होती तेही कळेल. मग दारात उभं राहून समोर किती मोकळं उरलंय ते बघा. आमच्या बदलापुरात तरी आता दोन इमारतींमध्ये उजव्या नळीपुरतंही अंतर राहिलेलं नाही.